चाल ठरलेली नसते

"पण ताई, याची चाल यूट्यूबवर आहे ना?"

तिसरीतल्या एका मुलाने मला हा प्रश्न विचारला तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. लांज्यातल्या आमच्या घराच्या पडवीत आठ-दहा मुलं गोल करून बसली होती. मी नुकतंच सांगितलं होतं, की आज आपण बालकवींच्या 'श्रावणमास' या कवितेला चाल लावायची. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चाल 'लावायची' असते हेच त्यांना नवीन होतं. त्यांच्या मते चाल ही कवितेला आधीपासूनच असते, जशी आंब्याला कोय असते. आपण ती फक्त शोधायची, ऐकायची आणि पाठ करायची.

त्या मुलाचं चुकलं नव्हतं. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही कवितेचं नाव फोनवर टाका, पंधरा-वीस व्हिडिओ समोर येतात. कार्टूनमधली मुलं हात हलवत असतात, मागे की-बोर्डवरचा तयार ठेका चालू असतो, आणि ऐकलेल्या दहांतल्या आठ चाली एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. शिक्षक तोच व्हिडिओ लावतात, मुलं तसंच म्हणतात, आणि स्नेहसंमेलनात तेच सादर होतं. माझी तक्रार त्या व्हिडिओंच्या दर्जाबद्दल नाही. काही बरेही असतात. तक्रार अशी आहे, की कवितेचं वाचन दुसऱ्या कुणीतरी करून टाकलेलं असतं आणि ते मुलांच्या हातात तयार ठेवलं जातं. कारण चाल हेही एक वाचनच आहे. कुठे थांबायचं, कुठला शब्द दाबायचा, कुठली ओळ वर न्यायची आणि कुठली खाली उतरवायची हे ठरवणं म्हणजे कवितेचा अर्थ लावणं. मोठी माणसं हे काम समीक्षा लिहून करतात. सात वर्षांच्या मुलाला ते गाऊन करता येतं.

*

गंमत म्हणजे, हे या मुलांना आधीच येत होतं. फक्त ते आपल्याला येतं हे त्यांना माहीत नव्हतं.

मी विचारलं, "गणपतीची आरती तुमच्या वाडीत कशी म्हणतात?" एकाने सुरू केलं. दोन शब्द होतात न होतात तोच दुसरीने थांबवलं. "अशी नाय. आमच्याकडे वेगळी." तिसऱ्याचं म्हणणं असं, की त्यांच्याकडे पहिल्या दिवशी एका चालीत म्हणतात, आणि विसर्जनाच्या दिवशी मुंबईवाले काका वेगळी जलद चाल धरतात. कॅसेटमधली चाल तर सगळ्यांनाच येत होती. पाच मिनिटांत एकाच आरतीच्या चार चाली निघाल्या. टाळ-मृदंगाच्या साथीने घरोघरी फिरत आरत्या म्हणणाऱ्या कोकणातल्या कुठल्याही पोराला हे ठाऊक असतं, की शब्द तेच राहतात आणि चाल बदलते. भजनातला बुवाही तेच करतो. एकच अभंग तो वेगवेगळ्या चालींत फिरवतो आणि त्यातच त्याची करामत दिसते.

आणि जाखडी? रत्नागिरी जिल्ह्यात शक्ती-तुऱ्याचे सामने रात्रभर चालतात. शाहीर तिथे उलटं करतो. चाल लोकांच्या ओळखीची घेतो, पुष्कळदा सिनेमातली, आणि तिच्यावर आपले नवे शब्द चढवतो. शब्द आणि चाल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्या जोडता येतात आणि सोडवता येतात, हे ज्ञान या गावांत पायापाशी पडलेलं आहे. शाळेच्या दारात मात्र ते चपलांसोबत बाहेर काढून ठेवावं लागतं.

*

हे असं कधीपासून झालं?

जुन्या मराठी कवितेत चाल कवितेची नसायची, वृत्ताची असायची. रामदासांचे 'मनाचे श्लोक' भुजंगप्रयात वृत्तात आहेत. एक लघू, दोन गुरू, असं चार वेळा. त्याची एक चाल घरात ऐकून पाठ झाली, की २०५ श्लोक त्या चालीवर म्हणता येतात. आणि फक्त तेच नव्हेत, जगातला कुठलाही भुजंगप्रयात म्हणता येतो. मोरोपंतांची आर्या, साकी, दिंडी यांचंही तसंच. जात्यावरच्या ओवीचं तर विचारायलाच नको. साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. त्यांनी 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाच्या घरात ओव्या जमल्या. या लाखभर ओव्यांना लाखभर चाली नाहीत. बाईकडे मोजक्या चाली असायच्या, आणि त्या चालींत ती स्वतःचं सगळं आयुष्य मावून घ्यायची. माहेर, भाऊ, सासू, पाऊस, विठ्ठल, सगळं.

संगीत नाटकाने हाच मार्ग रंगमंचावर आणला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली आलं. त्या काळच्या नाटकांची छापील पुस्तकं उघडलीत, तर पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द आणि पुढे कुठल्यातरी माहितीच्या गाण्याचं नाव दिसतं. म्हणजे वाचकाला सांगितलं जायचं, की हे पद तुला येत असलेल्या अमुक गाण्यासारखं म्हण. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. त्यातले कवी तर आपल्या कविता स्वतःच गाऊन दाखवायचे. त्यांच्यातलेच माधव जूलियन 'छंदोरचना'सारखा भारदस्त ग्रंथही लिहीत होते. गळा आणि व्याकरण तेव्हा एकाच घरात नांदत होतं.

मग रेकॉर्ड आली, रेडिओ आला, सिनेमा आला. 'नाच रे मोरा' हे गदिमांचं गाणं १९५३च्या 'देवबाप्पा'मध्ये पु. लं.च्या चालीवर आशाबाईंनी गायलं आणि त्या गाण्याची दुसरी चाल असू शकते हा विचारच संपला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. त्यातल्या ५६ गीतांना सुधीर फडक्यांच्या चालींखेरीज वेगळ्या चालीत कल्पून पाहा. जमत नाही. हा त्या चालींचा मोठेपणाच आहे. पण त्या मोठेपणाची एक किंमत आपण मोजली. चाल वृत्ताकडून गाण्याकडे गेली, गाण्याकडून संगीतकाराकडे गेली, आणि ऐकणारा फक्त ऐकणारा उरला. आज ती एखाद्या चॅनेलच्या मालकीची झाली आहे, आणि वर्गातलं मूल म्हणजे त्या चॅनेलचा एक व्ह्यू.

*

चाल लावायला सांगितल्यावर पहिल्या दिवशी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मुलांनी सिनेमातल्या आणि रील्सवरच्या चाली आणल्या. 'श्रावणमास' एका पार्टी-साँगवर बसली, एका भक्तिगीतावर बसली आणि एका डिटर्जंटच्या जाहिरातीवरही बसली. पडवीत हसून हसून मुरकुंडी वळली.

मला ओळखणाऱ्या एका शिक्षिकेने हे ऐकून नाक मुरडलं. "ही काय चाल लावणं झालं? ही तर चोरी." मला ते पटत नाही. उसनवारी ही पहिली पायरी आहे, आणि ती सगळ्या जगात आहे. इंग्रजी शाळांतली मुलं जे 'ट्विंकल ट्विंकल' म्हणतात, त्याचे शब्द जेन टेलर या इंग्लिश बाईंनी १८०६ साली कविता म्हणून छापले. चाल मात्र त्याआधीची, फ्रान्समधली. त्याच चालीवर पुढे इंग्रजी मुळाक्षरं बसली, काळ्या मेंढीचं गाणंही बसलं. तीन वेगळी गाणी, एक चाल, आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. जाखडीचा शाहीर, 'शाकुंतल'चे अण्णासाहेब आणि आमची पडवीतली पोरं एकाच धंद्यातली आहेत.

पण ही पायरी चढल्यावर थांबायचं नसतं. तीन उसन्या चाली समोर आल्या, की प्रश्न विचारता येतो: यातली कुठली या कवितेला शोभते? आणि का? इथे समीक्षा सुरू होते.

"ती जाहिरातीची नको, ताई. त्यात पाऊस येतच नाही."

"मग काय येतं?"

"त्यात सगळं आधीच धुतलेलं आहे."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. कवितेवरच्या पुष्कळ लेखांत इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

*

दुसऱ्या आठवड्यात आम्ही गाणं बंद केलं आणि फक्त मोजलं. मांडीवर आठ थापा, पुन्हा आठ, पुन्हा आठ. लहान अक्षराला एक थाप, लांब अक्षराला दोन. मात्रा हा शब्द मी उच्चारलासुद्धा नाही.

'श्रावणमास'ची ओळ या मोजणीत आठ, आठ, आठ आणि सहा अशी उलगडते. म्हणजे चौथ्या घरात दोन थापा रिकाम्या राहतात. तेवढ्यात श्वास घेता येतो, की लगेच पुढची ओळ. ऊन आणि सर यांचा पाठशिवणीचा खेळ चालला आहे, थांबायला वेळ कुणाला आहे? कुठल्याही आठ मात्रांच्या ठेक्यावर ही कविता टुणकन बसते याचं कारण हेच. ती गाण्यासारखीच बांधलेली आहे.

मग मी बालकवींचीच 'औदुंबर' घेतली. आठच ओळींची कविता. वाहणारा झरा, पलीकडे लहानसं गाव, शेतं, त्यांतून जाणारी वाट, आणि शेवटी पाण्याकाठी बसून राहिलेलं एक झाड. लांज्याच्या मुलांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. मुचकुंदी आणि काजळी या नद्या त्यांच्या तालुक्यातच आहेत. हे सगळं त्यांनी शाळेत जाता-येता पाहिलेलं असतं.

पुन्हा थापा. आठ, आठ, आठ... आणि तीन.

"ताई, पाच उरल्या!"

या 'पाच उरल्या'पाशी मी स्वतः थबकले. ही कविता मी कॉलेजात अभ्यासली आहे. ती उदास आहे की शांत आहे यावर मोठ्यांनी किती लिहिलं आहे, तेही थोडंफार वाचलं आहे. पण ओळींच्या शेवटी इतकी मोठी रिकामी जागा आहे, हे मला मांडीवर थापा मारणाऱ्या पोरांनी दाखवलं. दोन्ही कवितांची चौकट एक. आठ, आठ, आठ आणि एक तुटका तुकडा. एकीत दोन मात्रांची उसंत आहे, दुसरीत पाच मात्रांची शांतता. एकच कवी, एकच आठाचं माप, आणि शेवटच्या तीन मात्रा कमी केल्याबरोबर अख्खा स्वभाव बदलला. झाडाचं ते बसून राहणं शेवटच्या ओळीत येतं खरं, पण कविता पहिल्या ओळीपासूनच बसत बसत चालली आहे.

मग प्रश्न असा आला, की या रिकाम्या पाच थापांचं करायचं काय? एकाने त्यात 'हो हो हो' भरलं. एकाने शेवटचं अक्षर ताणून ताणून सगळी जागा व्यापली. शाळांमध्ये सर्रास होतं तेच हे. दोघांनी पेल्यावर चमचा वाजवला. आम्ही प्रत्येक चाल फोनवर रेकॉर्ड केली आणि ऐकली. 'हो हो'वाली चाल ऐकल्यावर ज्याने ती केली होती तोच म्हणाला, "हे झाड नाचतंय." आणि त्याने ती खोडली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

*

चाल शब्दांचं काय करते हेही मुलांना पटकन कळतं. एका मुलीने स्वतः चार ओळी रचल्या होत्या. वाट पाहण्याबद्दल होत्या. त्यातली एक ओळ होती 'पण ती आली नाही'. तिने चाल अशी लावली, की 'पण ती' एका दमात आलं. ऐकणाऱ्या सगळ्यांना ऐकू आलं, 'पणती आली नाही'. दिवाळीची की काय? खूप हसलो. मग तिने 'पण'नंतर एक थाप सोडली आणि 'ती' खालच्या सुरावरून उचलली. अर्थ जागेवर आला, आणि शिवाय त्या एका थापेत वाट पाहणंही आलं.

'चिमणी'तली 'चि' ताणली की ती 'चीमणी' होते आणि कानाला खुपते. 'णी' ताणली तर चालतं, कारण ती मुळातच लांब आहे. शुद्धलेखनातले ऱ्हस्व-दीर्घ मुलांना शिक्षेसारखे वाटतात. गाताना तेच ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या जिभेला टोचू लागतात. हंगेरीत झोल्टान कोडाय आणि जर्मनीत कार्ल ऑर्फ यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाचे जे मार्ग घातले, त्यांचा पायाही साधारण हाच होता. मुलांच्या बोलण्यातला ठेका, त्यांच्या मातीतली गाणी, आणि मग हळूहळू सूर. कोडाय तर लोकगीत ही मुलाची संगीतातली मातृभाषा मानायचा. आपल्याकडे पावसाला पैसा देऊ करणारं ते गाणं प्रत्येक मुलाला येतं. त्यात दोन-तीनच सूर असतात, आणि ते कुणी शिकवत नाही. तिथून सुरुवात करायला हार्मोनियम लागत नाही, की फी लागत नाही.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा: आधी सूर पक्का होऊ द्या, मग चाली लावा. म्हणजे आधी व्याकरण येऊ द्या, मग बोला. मुलं अशी बोलायला शिकत नाहीत. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. तो म्हणजे, सगळ्या कविता गायच्या नसतातच. हे खरं आहे. मुक्तछंदातली कविता ओढून-ताणून ठेक्यात बसवली, की तिचे हातपाय मोडतात, आणि 'गेय तेवढंच चांगलं' असं मानणारा वाचक तयार होतो. शाळेत असे वाचक आपण वर्षानुवर्षं तयार करत आलो आहोत. पण चाल लावण्याचा खेळ खरा असेल, तर त्यात 'हिला चाल नको' असंही म्हणता आलं पाहिजे. ते म्हणायची मुभा नसेल, तर आपण फक्त तयार चालीच्या जागी दुसरी सक्ती आणली.

*

आणि इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल.

'औदुंबर'च्या दिवशी सगळ्यांच्या चाली झाल्यावर चौथीतली एक मुलगी उरली होती. फार बोलायची नाही. तिची आजी लावणीच्या वेळी गाते, असं तिने एकदा सांगितलं होतं. इथे लावणी म्हणजे भाताची. तिने कविता म्हटली. जवळजवळ एकाच सुरावर. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती थांबली आणि काहीही भरलं नाही. शेवटच्या ओळीत सूर अगदी थोडा खाली गेला, एवढंच. बाकीची मुलं चुळबुळ करायला लागली. तिसऱ्या ओळीला कुणीतरी हसलं. आणि मी, जी गेली दोन पानं तुम्हाला चाल म्हणजे वाचन असं सांगते आहे, ती मी म्हणाले, "छान. पण चाल कुठाय यात?" मग मी तिला शाळेतली चाल गाऊन दाखवली, जी मी लहानपणी पाठ केली होती. म्हटलं, "अशी म्हणून बघ." तिने म्हणून दाखवली. व्यवस्थित, सुरात. पुढच्या शनिवारी ती आली नाही. नंतरही नाही. कारण काय ते मी विचारायला गेले तेव्हा तिची आई म्हणाली, "तिला कंटाळा येतो हो." एवढंच.

तिने काय केलं होतं ते मला महिन्याभराने कळलं, एका रात्री फोनमधली रेकॉर्डिंग्ज नीट लावत बसले होते तेव्हा. पाच रिकाम्या मात्रा रिकाम्याच ठेवणारी ती एकटी होती. न हलणाऱ्या झाडाला तिने न हलणारी चाल दिली होती. त्या पडवीतलं ते सगळ्यात चांगलं वाचन होतं, आणि समीक्षा लिहिणाऱ्या बाईला ते ऐकू आलं नाही, कारण तिच्या कानात आधीपासून दुसरी चाल वाजत होती.

म्हणून पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल, दीक्षा ॲपवरच्या किंवा यूट्यूबवरच्या चालींबद्दल मी आता पूर्वीइतकी तावातावाने बोलत नाही. त्या असू देत. शिक्षकांनी त्या शेवटी लावाव्यात, मुलांच्या चाली ऐकून झाल्यावर, 'ही आणखी एकाची चाल' म्हणून. स्पर्धेच्या परीक्षकांनी 'मूळ चाल' या रकान्यावर काट मारावी, कारण बहुतेक कवितांना तसली काही चीज नसते. आणि ज्याला कुणाला मुलांबरोबर हा उद्योग करायचा आहे, त्याने आधी स्वतःच्या कानातली चाल ओळखावी. तीच सगळ्यात हट्टी असते.

ते रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये अजून आहे. पागोळ्यांचा आवाज, मागे कुणाचीतरी खुसखुस, आणि तिचा सपाट, शांत आवाज. शेवटची ओळ संपते. पाच मात्रा कुणीच काही बोलत नाही. मग माझा आवाज येतो.